पिंग जाते, पण पान उघडत नाही
केव्हीएमवर (लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवण्याची सोय) पीएफसेन्स ही फायरवॉल कशी बसवावी, यावरचा एक लेख वाचला. वॅन (बाहेरचे इंटरनेट) आणि लॅन (आतले नेटवर्क) यांसाठी वेगवेगळे ब्रिज (व्हर्च्युअल मशीनला नेटवर्कशी जोडणारे आभासी स्विच) करावेत, हे त्या लेखातील म्हणणे रास्तच आहे; परंतु नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचे आभासी) प्रकारचे निवडल्यास पीएफसेन्समधील हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग (डेटातील चुका तपासण्याचे काम नेटवर्क कार्डावर सोपवणे) बंद करावे लागते, हा कळीचा मुद्दा त्यात राहून गेला आहे. इंदूरच्या सियागंजातील एका घाऊक व्यापाऱ्याकडे नेमके हेच दिसले: पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित जात होते, मात्र बिलिंगचे पान काही केल्या उघडत नव्हते. वॅनच्या ब्रिजवर होस्टला (हे सारे ज्यावर चालते त्या मूळ संगणकाला) आयपी पत्ता देऊ नये, अन्यथा फायरवॉलला वळसा घालून होस्टच थेट बाहेर उघडा पडतो. शिवाय पीएफसेन्सच्या व्हर्च्युअल मशीनला ऑटोस्टार्ट (होस्टबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय) लावलेले नसेल, तर वीज जाऊन आल्यावर (पावसाळ्यात ती जातेच) होस्ट सुरू होतो, पण फायरवॉल बंदच राहते.