सिम्प्युटर कोणी चोरला नाही, तो खुलाच ठेवला होता

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने विज्ञान दिनाच्या भाषणाचा मसुदा मला वाचायला दिला. आठवीतील मुलगी, अक्षर सुबक, वाक्ये नेटकी. मजकूर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका व्हॉट्सॲप संदेशातून उतरवलेला. हा संदेश मी कित्येक वर्षे नातेवाइकांच्या गटांत फिरताना पाहत आलो आहे आणि वाद नको म्हणून दर वेळी गप्प बसलो आहे. आता तो शाळेच्या व्यासपीठावरून मुलांपुढे वाचला जाणार आहे, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. हातात मावणारा जगातील पहिला संगणक, म्हणजे सिम्प्युटर, भारताने 2001 साली बनवला. मायक्रोसॉफ्टने त्याचाच आराखडा चोरून 2006 साली ‘ओरिगामी’ या नावाने छोटे संगणक बाजारात आणले. यंत्र आडवे केले की पडदाही फिरतो ही ॲपलच्या आयफोनमधील करामत मूळची सिम्प्युटरची. आणि अवघ्या नऊ हजार रुपयांत खेड्याखेड्यांत पोहोचू शकणारे हे यंत्र परदेशी कंपन्यांच्या दबावाखाली आपल्याच सरकारने दडपले.

पहिल्या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ब्रिटनमधील सायन (Psion) कंपनीचा ऑर्गनायझर हा हातातला संगणक 1984 सालचा, एचपीचा 95एलएक्स 1991 सालचा, ॲपलचा न्यूटन 1993 सालचा आणि पाम कंपनीचा पायलट 1996 सालचा आहे. संपूर्ण विंडोज 95 चालवणारा, किलोभरापेक्षा कमी वजनाचा तोशिबाचा लिब्रेटोसुद्धा जपानमध्ये 1996 सालीच विक्रीला आला होता. सिम्प्युटरचा नमुना लोकांसमोर आला तो एप्रिल 2001 मध्ये. तो पहिला नव्हता, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याच्या निर्मात्यांनीही तो पहिला असल्याचे कधी म्हटलेले नाही.

चोरीचा दावा मात्र इतका विपरीत आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

सिम्प्युटरची कल्पना बंगळुरूमध्ये 1998 साली झालेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक परिषदेतील चर्चांमधून पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक, तसेच एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि 1999 साली त्यांनी सिम्प्युटर ट्रस्ट हा ना-नफा न्यास स्थापन केला. यंत्राची मालकी एखाद्या कंपनीकडे न ठेवता न्यासाकडे ठेवायची, हा निर्णय त्यांनी सुरुवातीलाच घेतला. न्यासाने आपल्या यंत्रासाठी ‘सिम्प्युटर जनरल पब्लिक लायसन्स’ नावाचा परवाना तयार केला. संगणक प्रणालींच्या जगात खुल्या परवान्याची रीत तोपर्यंत रुळलेली होती; तीच रीत यंत्राच्या आराखड्याला, म्हणजे सर्किट आणि सुट्या भागांच्या जुळणीला लावण्याचा तो अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक होता. परवान्याचा गाभा असा होता: आराखडा कोणीही पाहावा, अभ्यासावा, त्यावर प्रयोग करावेत, व्यापारी उत्पादन करायचे असल्यास एकरकमी शुल्क भरावे, त्यात स्वतः सुधारणा केल्यास काही काळ तिचा लाभ घ्यावा, पण ठरलेल्या मुदतीनंतर ती सुधारणा न्यासाकडे परत द्यावी, म्हणजे इतरांनाही ती वापरता येईल. हा परवाना न्यासाने आपल्या संकेतस्थळावर जाहीरपणे ठेवलेला होता. या संपूर्ण वादात मी एकाच कागदाचा आधार पुरेसा मानतो, आणि तो कागद हा परवाना आहे.

आता विचार करा. ज्यांनी आपला आराखडा जगासमोर मांडून ‘घ्या, बनवा, सुधारा आणि सुधारणा सर्वांना परत द्या’ असे लिहून दिले, त्यांच्या घरी चोरी झाली असे आपण सांगत सुटलो आहोत. मायक्रोसॉफ्टला तो आराखडा हवा असता तर शुल्क भरून उघडपणे घेता आला असता. ज्या गोष्टीसाठी सिम्प्युटरची आठवण खरोखर ठेवायला हवी, ती म्हणजे त्याच्या निर्मात्यांचे औदार्य, आणि नेमके तेच या संदेशात पुसले गेले आहे. देणाऱ्याला लुबाडला गेलेला ठरवणे हा त्याचा अपमान आहे, आणि हा अपमान देशाभिमानाच्या नावाने केला जातो याचा मला राग येतो.

शिवाय यंत्रांची तुलना केली तरी चोरीची कथा टिकत नाही. सिम्प्युटरमध्ये 206 मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, 320 बाय 240 बिंदूंचा लहान पडदा आणि लिनक्स ही प्रणाली होती. साठवण फ्लॅश स्मृतीत होती. मायक्रोसॉफ्टने मार्च 2006 मध्ये हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात ज्या यंत्रांची घोषणा केली, त्यांपैकी सॅमसंगचे क्यू1 पाहा: सात इंची पडदा, 800 बाय 480 बिंदू, इंटेलचा 900 मेगाहर्ट्झचा सेलेरॉन एम, 40 जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती. एकाची घडण खेड्यातील, कदाचित निरक्षर असलेल्या माणसासाठी, तर दुसऱ्याची घडण कार्यालयातील टेबलावरचा संगणक आहे तसा आकुंचित करण्यासाठी. ओरिगामीचे पूर्वज शोधायचेच असतील तर ते लिब्रेटोमध्ये, सोनीच्या 2002 सालच्या व्हायो यू मालिकेत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ओक्यूओ कंपनीने 2004 साली आणलेल्या मॉडेल 01 मध्ये सापडतील. आणि ‘आधी होते, म्हणून नंतरच्याने चोरले’ हा न्याय लावायचाच असेल, तर सिम्प्युटरमधील प्रोसेसरचे मूळ इंग्लंडमधील केंब्रिजचे आणि लिनक्सची सुरुवात फिनलंडमधील एका विद्यार्थ्याची, हेही सांगावे लागेल. मग चोर कोणाला म्हणायचे?

आयफोनविषयीच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते, जरी या संदेशाच्या बाजूने एक शब्दही लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. एप्रिल 2004 मध्ये पिकोपेटा या कंपनीने आणलेल्या ‘अमिडा’ सिम्प्युटरमध्ये ॲक्सेलरोमीटर, म्हणजे यंत्राचा कल आणि हालचाल ओळखणारा संवेदक, खरोखरच होता. यंत्र हाताने कलवून त्याला आज्ञा देता येत असे. विक्रीच्या हातातल्या संगणकात अशी सोय त्या काळी दुर्मीळ होती, आणि आयफोनची घोषणा जानेवारी 2007 मधील आहे. एवढा अभिमान अवश्य बाळगावा. पण कलवून पडदा फिरवण्याची कल्पना त्याआधीच प्रसिद्ध झालेली होती. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातील केन हिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेल्या शोधनिबंधात, कॅसिओच्या हातातल्या संगणकाला कल-संवेदक बसवून पडदा आपोआप उभा-आडवा करण्याचा प्रयोग सविस्तर वर्णन केलेला आहे. त्याच वर्षी कॉम्पॅकच्या प्रयोगशाळेतील जोएल बार्टलेट यांनी ‘इट्सी’ या प्रायोगिक यंत्रावर कलवून मजकूर सरकवण्याची पद्धत लिहून ठेवली. अमिडाने ही सोय ग्राहकाच्या हातात लवकर दिली, हे श्रेय खरे आहे. शोधाचे श्रेय त्याचे नाही.

उरला तो दडपून टाकल्याचा दावा. तो सर्वाधिक घातक आहे, कारण अपयशाची खरी कारणे शोधण्याची गरजच तो संपवून टाकतो. अमिडा बनवत कोण होते? भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सरकारी कंपनी. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामात सिम्प्युटर वापरून पाहिला आणि छत्तीसगडमधील शाळांमध्येही त्याचा प्रयोग झाला. एन्कोरने 2005 साली ‘मोबिलिस’ हा पुढचा छोटा संगणक आणला, त्यामागे सीएसआयआरचे, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे साहाय्य होते. सरकारने मोठी खरेदी केली नाही ही तक्रार रास्त आहे आणि ती जरूर करावी; पण खरेदी न करणे आणि दडपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरे कारण किमतीत आणि काळात आहे. नऊ हजार हे 2001 सालचे उद्दिष्ट होते. अमिडा प्रत्यक्ष बाजारात आला तेव्हा साध्या पडद्याच्या नमुन्याला सुमारे दहा हजार आणि रंगीत पडद्याच्या नमुन्याला त्याच्या जवळपास दुप्पट रुपये मोजावे लागत होते. पहिल्या वर्षात 50 हजार नग विकण्याची अपेक्षा होती, विकले गेले सुमारे 4 हजार. याच काळात टेबलावरचे संगणक झपाट्याने स्वस्त झाले. त्याहून मोठा आघात मोबाइलचा होता: 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये भरून फोन देण्याची योजना आणली आणि त्याच वर्षी नोकियाचा 1100 आला. सिम्प्युटरला जगाशी जोडण्यासाठी दूरध्वनीची तार किंवा वेगळा फोन लागत असे. खेड्यातील माणसाला आधी बोलायचे होते. त्याने फोन घेतला, आणि तो निर्णय त्याच्या दृष्टीने अगदी योग्य होता.

ज्यांनी हे यंत्र ‘चोरले’ असे म्हटले जाते, त्यांचे तरी काय झाले? ओरिगामीच्या यंत्रांची किंमत 500 डॉलरपर्यंत आणण्याचे स्वप्न होते. सॅमसंगचे क्यू1 अमेरिकेत सुमारे 1,100 डॉलरना आले. असे एक यंत्र 2007 साली काही महिने माझ्याकडे कामासाठी होते. तळहाताला चटका बसेल इतके ते तापायचे, अडीच तासांत बॅटरी संपायची, आणि टेबलावरच्या पडद्यासाठी आखलेली विंडोजची बारीक बटणे लेखणीने टिपताना डोळे दुखायचे. ओक्यूओ कंपनी 2009 साली बंद पडली. ऑक्टोबर 2007 मध्ये आलेल्या आसुसच्या स्वस्त ईई पीसीने छोट्या संगणकांचा ग्राहक आपल्याकडे वळवला आणि 2010 साली आयपॅड आला. मायक्रोसॉफ्ट, इंटेल आणि सॅमसंग यांचे एकत्रित बळसुद्धा ज्या प्रकारच्या यंत्राला वाचवू शकले नाही, त्याच काळातील एका छोट्या न्यासाच्या यंत्राला मात्र कटाशिवाय अपयश आलेच नसते, असे मानण्याला काय आधार आहे?

भाचीला भाषणातून सिम्प्युटर वगळू नकोस, असे मी सांगितले. चोरीचा परिच्छेद काढून त्या जागी स्मार्टकार्डाविषयी लिही, असे सुचवले. प्रत्येकाला संगणक परवडणार नाही हे निर्मात्यांनी गृहीत धरले होते, म्हणून त्यांनी यंत्रातच कार्ड वाचण्याची सोय ठेवली. यंत्र ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा दुकानात एकच असेल. माणूस आपले कार्ड घेऊन येईल, ते यंत्रात सरकवेल, त्याची माहिती तेवढ्यापुरती पडद्यावर येईल आणि जाताना ती त्याच्या खिशात त्याच्याबरोबर परत जाईल. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कन्नड, हिंदी किंवा तमिळमधील मजकूर यंत्र मोठ्याने वाचून दाखवील. हे ऐकल्यावर तिने विचारले, “मग एका गावाला एकच पुरला असता?” तेच वाक्य तिने आता भाषणाच्या सुरुवातीला घेतले आहे.