सिंगापूरचा चौदावा डाव 'फुकट' मिळाला म्हणणाऱ्यांसाठी

'डिंगने माती खाल्ली म्हणून गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला' हे पालुपद अजून चालूच आहे. (डिंग लिरेन म्हणजे तेव्हाचा चिनी जगज्जेता, गुकेश त्याचा आव्हानवीर.) क्रामनिकसारख्या माजी जगज्जेत्यानेही तेव्हा नाक मुरडलं होतं. १२ डिसेंबर २०२४ चा तो लढतीतला शेवटचा डाव पटावर मांडा आणि ५५व्या चालीपाशी थांबा.

गुण ६.५-६.५. पांढरी मोहरी डिंगकडे, पण त्याला बरोबरी चालणार होती. दुसऱ्या दिवशी रॅपिड टायब्रेक (कोंडी फोडणारे जलद डाव) होता आणि तिथे त्याचं पारडं जड मानलं जात होतं. म्हणून वजिरावजिरी करून, एक प्यादं कमी असतानाही तो एंडगेममध्ये (मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) शिरला. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, एकेक पांढऱ्या घरांतला उंट; गुकेशची दोन प्यादी, डिंगचं एक, सगळी पटाच्या राजाकडच्या अर्ध्या भागात. बरोबरीच, हे सगळ्यांना दिसत होतं.

मग डिंगने हत्ती एफ२ या घरात आणून हत्तींची मारामारी (एकमेकांचा हत्ती मारून अदलाबदल) देऊ केली. आता त्याचा उंट बघा: ए८, कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण मिळतो. हत्ती गेले, पांढरा राजा एफ२ वर आला आणि गुकेशने उंट डी५ वर ठेवला. बी७ ला जा नाहीतर सी६ ला, त्याच कर्णावर मार बसणार. म्हणजे उंटही गेले. पांढरा राजा ई३, काळा ई५, ऑपोझिशन काळ्याकडे (राजे समोरासमोर, चाल पांढऱ्याची, म्हणून त्यालाच वाट सोडावी लागणार), ५८व्या चालीला खेळ खलास! तोच उंट मधल्या घरात असता तर दुसऱ्या कर्णावर सटकला असता. (गुकेशच्या स्वतःच्याही हे क्षणभर लक्षात आलं नव्हतं, तो हत्ती बी३ ला नेणार होता.)

ही घोडचूकच, पण ती आकाशातून पडली नाही. बचाव करणाऱ्याला दर चालीला हत्ती, उंट, प्यादी यांची प्रत्येक मारामारी तपासावी लागते. ४१व्या चालीपासून हातात वेळ ३० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद, तेही चार-चार तास खेळून झाल्यावर. दाबणाऱ्याला मात्र हरण्याची धास्ती जवळपास नसते.

आपल्याकडच्या ओपन स्पर्धांत पोरं विसाव्या चालीला ड्रॉ मागतात, त्यांच्या प्रशिक्षकांनी हा शेवट शिकवावा. प्यादं जास्त असेल तर हत्ती ठेवा, प्यादी पुढे ढकलायची घाई नको, राजा मध्यात आणा. प्यादं कमी असेल तर हत्तींची मारामारी करायच्या आधी उंट कोपऱ्यातून बाहेर काढा.