बॉम्बे डाईंग जिनांची? जरा सालं ताडून बघू

ऑगस्ट आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: बॉम्बे डाईंगच्या चादरी-टॉवेल घेऊ नका, ही कंपनी जिनांच्या पैशातून उभी राहिली, लेकीच्या लग्नात वाडियांना आंदण मिळाली आणि नफा आजही पाकिस्तानात जातो. शेवटी एक शेपूटही असतं: मुंबईतल्या तिच्या गिरण्या संपाने बुडवल्या.

पहिलं, जिनांचा पैसा. नवरोजी वाडियांनी कंपनी काढली 1879 साली. जिनांचा जन्म 1876 चा, कराचीतला. म्हणजे भांडवल घालणारे गृहस्थ तेव्हा तीन वर्षांचे! सुरुवातीचा धंदाही साधाच होता. इथेच कातलेलं सूत हाताने रंगात बुडवायचं, लाल, हिरवं किंवा केशरी करायचं आणि उन्हात वाळत घालायचं. वाडिया तरी कुठे नवखे होते? त्यांचे पूर्वज लवजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले ते जहाजं बांधायला. या घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे 1817 चं लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही बघायला मिळतं.

आता आंदण. दीना जिना आणि नेव्हिल वाडिया यांचं लग्न 1938 चं, कंपनी निघाल्यानंतर एकोणसाठ वर्षांनी. नेव्हिल हे नवरोजींचे नातू. जिनांना हे लग्न मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं 30 मे 1939 चं मृत्युपत्र बघा. त्यात मुलीसाठी दोन लाख रुपये बाजूला काढायला सांगितलंय, तेही हातात द्यायला नाही, व्याजातून दरमहा हजारेक रुपये मिळावेत म्हणून. मलबार हिलचा बंगला बहीण फातिमाला. मुंबई विद्यापीठाला पन्नास हजार, इथल्याच अंजुमन-इ-इस्लाम शाळेला पंचवीस हजार. लेकीला बंगलासुद्धा न देणारा बाप गिरणी कशी आंदण देईल?

नफ्याचं थोडक्यात. कंपनी मुंबई शेअर बाजारात नोंदलेली आहे, ताळेबंद कुणीही वाचावा. दीना-नेव्हिल यांचे चिरंजीव नुस्ली वाडिया जिनांचे नातू आहेत हे शंभर टक्के खरं, पण तेवढ्याने नफा पाकिस्तानात जातो असं होत नाही. 1971 मध्ये वडील ही कंपनी उद्योगपती आर. पी. गोयंकांना विकायला निघाले, तेव्हा नुस्ली आडवे आले. जे. आर. डी. टाटा त्यांच्या पाठीशी होते आणि आई दीनाही. जिनांच्या लेकीचा या कंपनीच्या इतिहासात हात शोधायचाच असेल, तर तो इथे सापडेल, आणि तोही कंपनी मुंबईत वाडियांकडेच राहावी म्हणून.

राहिलं ते शेपूट, आणि मला खरी चीड येते ती त्याचीच. कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण बॉम्बे डाईंगच्या गिरण्या त्यानंतरही वर्षानुवर्षं चालल्या. भोंगा कायमचा थांबला त्यात जमिनीच्या भावाचा वाटा मोठा. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा, तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा ढोबळ हिशेब होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, म्हणजे मालकाकडे जास्त जमीन राहिली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मालकांच्या विरोधात निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि त्या खटल्याच्या नावातच बॉम्बे डाईंग आहे. पुढे 2023 मध्ये कंपनीने वरळीची सुमारे 22 एकर जागा जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला 5,200 कोटींच्या आसपास विकायचं ठरवलं.

कंपनीवर रागवायचंच असेल, तर हे कारण घ्या की! जिना कशाला मध्ये आणता? 1 मार्च 2020 ला म्हाडाने बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास गिरणीच्या जागेवरच्या घरांची सोडत काढली. घरं 3,894. अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस पावणेदोन लाखांच्या घरात.