धागा तुटला की माग थांबतो

नागोयात टोयोटाचं संग्रहालय आहे. तिथे टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची तोयोदांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपणहून थांबतो. मी इचलकरंजीचा, मागाच्या खडखडाटात वाढलेला. आमच्या गल्लीत तुटलेला धागा कामगाराला दिसेपर्यंत कापडात दोष पडलेला असायचा, आणि त्याचे पैसे त्याच्याच मजुरीतून जायचे. मग पुढच्या वेळी दिसलं तरी तो बोलायचा नाही.

हे आठवायचं कारण घरच्या ग्रुपवरची भांडणं. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास काम करा म्हणाले, २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ते ९० वर नेले. त्यात मला हमखास ऐकवतात, 'जपानी बघा कसे राबतात!' बघतोय ना. कामाने माणूस मरतो त्याला इथे जपानात 'कारोशी' असा शब्दच आहे, आणि ओव्हरटाइमला लगाम घालणारा कायदा २०१८ मध्ये करावा लागला. तासांचं कौतुक इथल्यांनाच उरलेलं नाही.

टोयोटाचं खरं बळ दोरीत आहे. लाइनवरच्या कोणीही गडबड दिसली की दोरी ओढायची. टीम लीडर धावत येतो, वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा दांड्या आणि तंट्यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाने भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. माणसं बहुतेक तीच, युनियनही तीच. तरी थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात नावाजल्या जाऊ लागल्या. जनरल मोटर्सला मात्र स्वतःच्या इतर कारखान्यांत हे रुजवायला वर्षानुवर्षं लागली. दोरी विकत मिळते हो. ती ओढणाऱ्यावर न खेकसणारा साहेब कुठून आणायचा?

टोयोटाच्या घरातही तो सगळीकडे नव्हता. २०२३ मध्ये त्यांच्याच दाइहात्सू या उपकंपनीने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं लबाडी केल्याचं बाहेर आलं. चौकशी समितीने बोट ठेवलं ते नवी गाडी काढण्याच्या अतिघट्ट वेळापत्रकावर. 'एवढ्यात होणार नाही' हे वर सांगायची सोय नव्हती. तासांत तर कोणी कमी पडलं नसणार.

माझा मावसभाऊ चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. त्यांच्याकडेही दोरी बसवली आहे. शेवटची कधी ओढली, विचारलं.

"ती ऑडिटवाल्यांसाठी आहे, दादा."