भात नाही तरी आगेरा आहेच

सप्टेंबर उलटला की इकडच्या आमच्या ईस्ट इंडियन मंडळींत, म्हणजे मूळच्या मुंबईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांत, तोच वाद पेटतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मिसिसागात भात पिकत नाही, मग आगेरा करायचा कशाचा? यंदा एकाने शोभेची सुकी कणसं ऑनलाइन मागवायचा घाट घातलाय. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा उपद्व्याप.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. आगेरा म्हणजे आमचा कापणीचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताची कणसं वाजतगाजत देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) न्यायची, फादर ती आशीर्वादित करतात, मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. आमच्या घरी त्यातले दाणे सोलून नारळाच्या दुधात-गुळात घालायचे. घरातल्या लहानात लहान पोरालासुद्धा त्यातला एक घास मिळायचा. "पयलं देवाला, मंग आपल्याला," आजी म्हणायची, आणि तोवर नव्या तांदळाच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही.

पण मी मुंबईतल्या मरोळची. आमच्याकडे तरी शेतं कुठे उरली होती? एमआयडीसी आली, १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं. १५७९ सालच्या आमच्या जुन्या देवळाच्या भिंती आज त्या सीप्झच्या कुंपणाआत उभ्या आहेत. तरी आगेरा बंद पडला नाही. जिथे अजून भात होतो तिथून कणसं यायची. कुणीतरी चिखलात उभं राहून लावलेली, कापलेली. शोभेची नव्हेत. म्हणून "परदेशात आल्यामुळे सण गेला" हे रडगाणं मला जरा लटकं वाटतं. शेत तर आपण विमानात बसायच्या आधीच गमावलं होतं.

बायबलमध्ये 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २६वा अध्याय काढून बघा. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना शेतकऱ्याने काय बोलायचं ते तिथे सांगितलंय. पिकाचं कौतुक नंतर. आधी तो आपल्या भटक्या पूर्वजाची गोष्ट सांगतो: आम्ही मिसरात गेलो, मूठभर होतो, परके होतो, राबवले गेलो, देवाने बाहेर काढलं. आणि मग हुकूम असा, की या आनंदात तुमच्यात राहणारा परदेशीही सामील व्हावा. स्थलांतरिताच्या तोंडी याहून चपखल प्रार्थना मला तरी माहीत नाही. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाने ती एकदा मोठ्याने वाचावी.

कॅनडाचा थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे आगेऱ्याच्या मागोमागच. १९५७ साली इथल्या सरकारने जाहीरनामा काढला त्यातही पिकासाठी सर्वसमर्थ देवाचे आभार मानायचा दिवस असंच म्हटलंय. "तो गोऱ्यांचा सण" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. (टर्की मात्र मला आजही कोरडीच लागते. आमचा ईस्ट इंडियन बॉटल मसाला लावून पाहिली, तेव्हा कुठे घशाखाली उतरली.)

आता मुद्द्याचं. आभार मानायचे तर कुणाचे, हे कळायला हवं. देवाचे, अर्थातच. पण इथला टोमॅटो, कांदा, गाजर आपल्या ताटात येतं ते कुणाच्या हातून? ऑन्टॅरिओच्या शेतांवर हंगामापुरते कामगार आणायची योजना १९६६ पासून चालू आहे, सुरुवात जमैकाच्या माणसांपासून झाली, पुढे मेक्सिकोचे आले. बायकापोरं मागे ठेवून महिनोन्महिने राबतात आणि हंगाम संपला की परत जातात. आपणही परके, पण आपल्याला निदान इथे घर करता आलं.

म्हणून माझं म्हणणं असं: यंदा वेदीपुढे याच मातीतलं ठेवू. मका, लाल भोपळा, गव्हाची पेंढी मिळाली तर तीही. त्या शेतांवरच्या माणसांसाठी मिस्सेत एक विनंती घालू. आणि कोपऱ्यात एक खोका, त्यात थर्मल, मोजे, हातमोजे. जुने नकोत, कोरे आणा. पहिलं देवाला द्यायचं असतं, उरलेलं नव्हे.

जेवणाचं वाटप खाली कमेंटमध्ये करू. फुग्यांचं (आमच्या तळलेल्या गोल पावांचं) पीठ मी आदल्या रात्री भिजवते, नारळाचं दूध घालूनच. पण तळायला दोघी तरी लागतील, अंगठ्याच्या बेचक्यातून पीठ सोडायला हात बसलेल्या. हॉलचा स्मोक अलार्म फार नाजूक आहे, दारं उघडी ठेवावी लागतील. इंद्याल, आपला आंबट-तिखट मांसाचा रस्सा, कोण करतंय? खुडीची करी दोन घरांतून आली तरी चालेल, कधीच उरत नाही.