ईमेल लिहिता येत नाही, म्हणून मराठी शाळा नको?

जून जवळ आला की बेळगावात तोच वाद सुरू होतो आणि इथे स्टुटगार्टमध्ये माझं डोकं फिरतं. पोराला कुठल्या माध्यमात घालायचं? मग हमखास कोणीतरी म्हणतंच, "मराठी शाळेत शिकून काय करतंय गा पोरगं? उद्या कंपनीत एक ईमेल तरी लिहितंय काय?" शहापूर असो, वडगाव असो, खानापूर नाहीतर निपाणी, बोलणारा बदलतो, वाक्य तेच राहतं. हल्ली त्याला शेपूटही जोडलंय: आता एआय सगळं लिहून देतंय, त्यात शिकायचं काय?

पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघणं हे माझं काम. इंग्रजी माध्यमातून बारावी आणि वर चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्यांचे ईमेल मी रोज वाचते. व्याकरण ठीकठाक असतं. पण काय बिघडलं, किती नग बिघडले, कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे चौथा परिच्छेद आला तरी कळत नाही. हे लिहिणं त्यांना कुठल्याच माध्यमात कोणी शिकवलेलं नाही. म्हणून मराठी शाळेवर हे खापर फुटलेलं मला सहन होत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशिनशॉपमधून गेलेल्या २४० हौसिंगपैकी (यंत्राच्या भागाचं धातूचं कवच) १८ नगांचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोठा निघाला. ड्रॉइंगवर ४० एच-७ असं माप आणि त्याची सूट दिलेली आहे, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटर चालतं. मापलं तर ४०.०३१. गिऱ्हाईक एट-डी रिपोर्ट मागतं. वाहन उद्योगात तक्रारीला उत्तर द्यायची ही ठरलेली पद्धत आहे: आधी माणसं ठरवायची, मग दोष नेमका मांडायचा, माल अडवायचा, मूळ कारण शोधायचं, उपाय निवडायचा, लागू करायचा, तो दोष पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था लावायची आणि शेवटी काम केलेल्यांची दखल घ्यायची. यावर उत्तर येतं ते इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर असं: "ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे दोष निर्माण झाला. ऑपरेटरला समज देण्यात आली आहे. पुन्हा असे होणार नाही याची खात्री देतो." इंग्रजी अगदी शुद्ध, आणि रिपोर्ट त्याच दिवशी परत.

परत येतो, कारण गिऱ्हाइकाचे प्रश्न दोन असतात. दोष झाला का? आणि झालेला दोष तुमच्याच दारात का पकडला गेला नाही? निष्काळजीपणा हे या दोन्हींचं उत्तर होत नाही. समज दिलेला ऑपरेटर उद्या रजेवर गेला आणि दुसरा आला, की दोष पुन्हा उभा.

खरं कारण मशिनपाशी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं आणि तो ते मराठीत तीन वाक्यांत सांगतो. इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलायचं पातं) झिजत गेला की बोअर बारीक येतो, म्हणून ऑफसेट, म्हणजे ती झीज भरून काढायला मशिनला दिलेला आकडा, वाढवत न्यावा लागतो. नवीन इन्सर्ट घातला, पण वाढवलेला ऑफसेट शून्यावर आणायचा राहिला. तासाने माप घेतलं तेव्हा लक्षात आलं, मग सुधारलं. एका नगाला तीन मिनिटं धरली तर तासाला वीस नग निघतात, म्हणजे अठरा कुठून आले तेही इथेच कळतं. माप चुकलं तर मागच्या बरोबर मापापर्यंतचा सगळा माल बाजूला काढायचा, असं कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय, कधी आणि कसं तपासायचं याच्या कागदात, लिहिलेलं नव्हतं. ते नग चांगल्या मालात मिसळले आणि जहाजावर चढले.

रिपोर्टमध्ये एवढंच जायला हवं, याच क्रमाने, आकड्यांसह. दोष घडण्याचं कारण एक, निसटण्याचं कारण दुसरं, आणि दोन्हींना वेगळा उपाय. इन्सर्ट बदलला की ऑफसेट शून्यावर येईल आणि पहिला नग मापल्याशिवाय मशिन पुढे जाणार नाही, अशी प्रोग्रॅममध्ये सोय. माप चुकल्यास माल बाजूला काढण्याचा नियम कंट्रोल प्लॅनमध्ये, तारखेसह. माल अडवल्याची माहिती मात्र मूळ कारणासाठी थांबवून ठेवायची नसते. ती पहिल्या दिवशीच कळवायची. गिऱ्हाइकाकडे किती नग, वाटेत किती, गोदामात किती, मशिनवर किती, आणि त्यातले किती तपासले. इथे बहुतेक जण "सर्व माल तपासला" असं लिहून मोकळे होतात. सर्व म्हणजे किती हे त्यातून कळत नाही, आणि पुढचा ईमेल तेवढं विचारायला येतो.

आता मला सांगा, यातलं कुठलं काम इंग्रजी माध्यमामुळे सोपं होतं? मशिनशॉपवरची मराठी किंवा कानडी बोली आणि पाठवायचा रिपोर्ट यांच्यामध्ये जो इंजिनिअर बसलेला असतो, त्याने ऑपरेटरची ती तीन वाक्यं त्याच भाषेत आधी कागदावर उतरवली, तर निम्मं काम तिथेच होतं. नंतर त्यांचं इंग्रजी करता येतं. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की हाताशी असलेले शब्दच तेवढे लिहिले जातात, आणि हाताशी असतो निष्काळजीपणा.

इथे जर्मनीत हे शाळा संपवून कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी शिकवतात. आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे कंपनीत काम करत शिकायच्या अभ्यासक्रमात असलेली सतरा वर्षांची मुलगी, लेथवर काम शिकणारी, तिचंही बेरिश्ट्सहेफ्ट, म्हणजे कामाच्या नोंदींची वही असते. काय काम केलं, कुठल्या मशिनवर, काय नवीन शिकले, हे नियमाने लिहायचं, शिकवणाऱ्याने वाचून सही करायची, आणि ती वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. पत्र कसं मांडायचं याचं डीआयएन ५००८ हे मानक आहे, २०२० साली ते नव्याने आलं. समास किती, तारीख कशी, विषय कुठे, सगळं ठरलेलं. विषयाच्या ओळीत "विषय" असं लिहायचंच नाही, थेट मजकूर लिहायचा. (इथल्या सरकारी कचेऱ्यांची पत्रं कशी असतात, तो वेगळा विषय. त्यात मी शिरत नाही.)

आपल्याकडे अशी वही नाही असं थोडंच आहे? आयटीआयला आहे, डिप्लोमाला आहे, इंजिनिअरिंगला तर दर सेमिस्टरला आहे. जर्नल! मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल समोर ठेवून एका रात्रीत उतरवून काढतात आणि सर न वाचता सही करतात. स्वतः केलेलं काम दुसऱ्याला समजेल असं लिहायचा सराव त्या वर्षांत एवढाच मिळतो, आणि तो आपण असा वाया घालवतो. माध्यमावर भांडणाऱ्या पालकांनी जर्नलवर एकदा तरी भांडावं.

शाळेत पाया घालतात, तोही नीट बघा. कर्नाटक बोर्डाच्या २०२५ च्या दहावीला ६२५ पैकी १२५ गुण पहिल्या भाषेचे होते, आणि मराठी शाळेत ती भाषा मराठी. पत्रलेखन त्यात असतंच: प्रति, विषय, महोदय, मग मजकूर. चौकट उत्तम आहे. घोळ होतो तो मजकुरात. "वरील विषयास अनुसरून आपणास नम्र विनंती करतो की" इथून सुरुवात आणि "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी" इथे शेवट. कोणी करायची, कुठली, कधीपर्यंत? उतारा वाचून सारांश लिहितानाही पहिलं वाक्य उताऱ्याचं पहिलं वाक्यच असावं अशी समजूत, मग मुद्दा तळाशी जातो. हीच मुलं पुढे इंग्रजीत लिहायला लागली की हीच खोड इंग्रजीत उतरते. इंग्रजी माध्यमातली मुलं ती थेट इंग्रजीतच शिकतात, एवढाच फरक.

ईमेलचं म्हणाल तर वाचणारा विषयाची ओळ आणि पहिली दोन वाक्यं एवढंच नीट वाचतो असं धरून चालायचं. विषयाच्या ओळीत "अर्जंट" किंवा "मालाबाबत" लिहून काही कळत नाही. "हौसिंग: २४० पैकी १८ नगांत बोअर मोठा, बदली माल शुक्रवार ४ एप्रिलपर्यंत हवा" असं लिहिलं की ईमेल उघडायच्या आधीच निम्मं काम झालं. पहिल्या वाक्यात मागणी किंवा निर्णय, दुसऱ्यात कारण, तपशील त्याखाली. अमेरिकेच्या लष्करातही पत्र असंच लिहायला शिकवतात, मुख्य मुद्दा सगळ्यात वर. एका ईमेलमध्ये एकच विषय, नाहीतर दुसऱ्या विषयाला उत्तर येत नाही. "टू"मध्ये ज्याने काम करायचं तो, "सीसी"मध्ये ज्याला नुसतं कळायला हवं तो. "टू"मध्ये पाच जण घातले की प्रत्येकाला वाटतं उरलेल्या चौघांपैकी कोणीतरी करील. पाच जणांकडे पाच कामं असतील तर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम आणि तारीख.

आकडे तर जपूनच. तुमच्या ईमेलमध्ये १,२५० नग असतील आणि वाचणारा जर्मन असेल, तर इथे स्वल्पविराम दशांशाचा असतो आणि हजारासाठी टिंब देतात. संदर्भ नसेल तर तो सव्वा वाचतो. लाखाचे स्वल्पविराम इथे कोणालाच कळत नाहीत. ०३/०४ ही तारीख बेळगावात तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. महिन्याचं नाव लिहावं, नाहीतर वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. मापाला एकक लावावं, प्रत्येक वेळी.

एआयबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. तो भाषा देतो, घटना त्याला माहीत नसते. "बोअर मोठा आला, रिपोर्ट लिही" एवढंच सांगितलं तर तो एक छान कारण स्वतःच रचून देतो, आणि ते बहुतेक वेळा प्रशिक्षणाचा अभाव असतं. ऑपरेटरची तीन वाक्यं, आकडे, तारखा आधी त्याला द्या, मग इंग्रजी त्याच्याकडून करून घ्या, आणि परत आलेला प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी ताडून बघा. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग फुकटच्या एआयमध्ये टाकू नका. करारात ते बसत नाही. म्हणजे काय द्यायचं आणि काय ताडायचं हे ज्याला कळतं त्यालाच त्याचा उपयोग, आणि ते कळणं म्हणजेच लिहिता येणं.

परदेशात बसून मराठी शाळेची बाजू घ्यायला काय जातंय, असं कोणी म्हणेल. म्हणा. माझी स्वतःची मुलं जर्मन शाळेत जातात, घरात मराठी बोलतात आणि देवनागरी अडखळत वाचतात, हे मला रोज दिसतं. पुण्यात आमच्या मराठीला कानडी हेल आहे म्हणतात, बंगळुरात आम्ही मराठी, आणि इथे तोंड उघडलं की मी परकी. लिहिलेल्या कागदाला हेल नसतो. माझा रिपोर्ट नीट असेल तर तो वाचून मी कुठली ते कोणी विचारत नाही, आणि इथे आपलेपणा म्हणून मला जे काही मिळालं ते पहिल्यांदा त्या कागदावरच मिळालं. म्हणून हे सीमाभागातल्या मुलांना मिळावं असं मला फार वाटतं. दोन्हीकडून ज्यांना परकं म्हणतात, त्यांना याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे ठरलेलं आहे, आणि मराठी परिपत्रकांची मागणी मला रास्तच वाटते. पण निकाल लागेपर्यंत खानापूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला तहसीलदाराकडे कानडीतच अर्ज द्यावा लागणार आहे. तो त्याने एजंटाला पैसे देऊन का लिहून घ्यावा? तीन भाषा कानावर घेत वाढलेली मुलं आहेत ही. इथे दोन भाषा येणाऱ्याचं कौतुक होतं, आणि आपण तिसरी कुठली टाकून द्यायची यावर भांडतो.

मराठी शाळांच्या शिक्षकांना मी एवढंच सुचवीन. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक तास. विषय रोजचे घ्या: हेस्कॉमचं विजेचं बिल दुप्पट आलं, बसची वेळ बदलली, गल्लीतला नळ चार दिवस कोरडा आहे. मुलाने आधी बोलून सांगायचं, मग मराठीत शंभर शब्दांत लिहायचं, मागणी पहिल्या वाक्यात. तेच पुढच्या आठवड्यात कानडीत, त्याच्या पुढच्या आठवड्यात इंग्रजीत. तपासायला लाल शाई नको. कागद दुसऱ्या मुलाकडे द्या आणि त्याला विचारा: यात कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं आहे? त्याला सांगता आलं नाही, तर लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचं.