पावशा चूक कसा?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, सवडीनं वाचा.

लेक चौथीत आहे. शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झालेले नाहीत. संध्याकाळी तिचं दप्तर आवरताना परिसर अभ्यासाची एक वर्कशीट हाताला लागली. रिकाम्या जागा भरा. 'पावसाची चाहूल देणारा पक्षी ______.' पोरीनं तिच्या गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं, पावशा. त्यावर लाल फुली. वर लाल पेनानं 'मोर'.

फुलीसुद्धा कशी, तर कागद पलीकडून उमटलाय इतकी दाबून.

विचारलं तर म्हणाली, "बाई म्हणाल्या असा पक्षी नसतो." आणि गप्प बसली. तिला वाटत होतं मी तिलाच रागावणार.

असा पक्षी नसतो! अहो, त्या पक्ष्याच्या आवाजावर आमच्या घरात पेरणीच्या पाभरी निघाल्या आहेत.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. पावसानं कायम पाठ फिरवलेला मुलूख. मी नऊ वर्षांची असेन. मे महिन्याची सुट्टी, उकाड्यानं जीव नकोसा झालेला, म्हणून आम्ही सगळी पोरं अंगणात गोधड्या टाकून झोपायचो. एका रात्री मधेच जाग आली. चांदणं पडलेलं, आणि ओढ्याकडच्या बाभळीतून कुणीतरी ओरडत होतं. तेच ते, तेच ते, आणि दर खेपेला आवाज आणखी वर चढत जाणारा. आता त्याचा गळा फाटणार असं वाटायला लागलं आणि एकदम शांत. मग पुन्हा पहिल्यापासून. मी घाबरून आण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या, कुशीत शिरले. ते जागेच होते. म्हणाले, "भ्यायाचं न्हाय. पावशा हाय त्यो. आयक नीट, काय म्हनतुया? पेरते व्हा, पेरते व्हा."

आणि खरंच तसंच ऐकू यायला लागलं. एकदा ऐकलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

सकाळी उठून पाहिलं तर आण्णांनी गोठ्याच्या आढ्याला लटकवलेली पाभर खाली काढून अंगणात मांडलेली. फण सैल झाला होता. तो ठोकून घ्यायला सुताराकडे निघाले तेव्हा मीही मागोमाग गेले. वाटेत प्रत्येक माणूस विचारत होता, "आयकला का रातीचा?" एका पाखराचा आवाज अख्ख्या गावानं ऐकला होता आणि सगळ्यांना त्याचा एकच अर्थ लागला होता.

आता गंमत बघा. हाच पक्षी इंग्रज साहेबानं ऐकला. उन्हाळ्यात बंगल्यात पंख्याखाली तळमळत पडलेला साहेब, त्याला ऐकू आलं 'ब्रेन फीवर, ब्रेन फीवर'. म्हणजे मेंदूचा ताप. पुस्तकात त्याचं नाव पडलं ब्रेनफीवर बर्ड. हिंदीत तोच पपीहा, त्यांना ऐकू येतं 'पी कहाँ', माझा प्रियकर कुठाय. बंगाल्यांना ऐकू येतं 'चोख गेलो', डोळे गेले. पक्षी तोच, गळाही तोच. आणि आमच्या शेतकऱ्याला काय ऐकू आलं? पेरते व्हा. ना ताप, ना विरह, ना डोळे. कामाला लागा. मला हे आठवलं की दर वेळी गळ्याशी येतं. या एका नावात आमच्या माणसाचं सगळं आयुष्य आहे, आणि त्याच्यावर फुली?

बरं, मान्य. मोरही पावसाआधी ओरडतो, पावसाळ्यात नाचतो. मोर अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण मोर बरोबर म्हणून पावशा चूक कसा?

यात एकट्या बाईंचा दोष नाही, तेही कळतं मला. आपल्या गाण्यांत, जाहिरातींत, मालिकांत पक्षी उरलेत किती? मोर, पोपट, चिमणी, कावळा, कोकिळा. संपली यादी. गावाकडची मालिका असली की पडद्यावर मध्यरात्र असो, थंडी असो, मागे कोकीळ कुहू कुहू करत असतो. कुणी म्हणेल हॉलिवूडवाले तरी कुठे शहाणे आहेत, टकल्या गरुडाच्या तोंडी लाल शेपटीच्या वेगळ्याच शिकारी पक्ष्याची आरोळी घालतात. घालू देत. त्यांच्या गरुडावर कुणाची पेरणी अडलेली नव्हती.

आणि कोकिळेचं काय! गाण्यांतून, कवितांतून जिकडेतिकडे 'कोकिळा गाते'. अहो, गातो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती नुसती किक-किक-किक करत फांदीवरून फांदीवर जाते. लताबाईंना आपण गानकोकिळा म्हणतो ते प्रेमानं म्हणतो, त्याला मला हात लावायचा नाही. पण पोरांना एकदा तरी आंब्याखाली उभं करून दाखवा ना, गाणारा कोण आहे ते. सुगरणीचं तेच. घरटं विणतो नर. मादी येते, खोप्यावर बसून बघते, पसंत पडला तर राहते, नाही तर त्याला दुसरा विणायला लागतो. बहिणाबाईंनी सुगरण म्हटलं म्हणून त्यांना चूक म्हणायची माझी प्राज्ञा नाही. त्या माउलीनं झाडाला टांगलेला खोपा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून तो आपल्याला अजून दिसतो. आपण काय पाहिलंय? मोबाइल.

माझ्या लेकीच्या वर्गातल्या पोरांना अँग्री बर्ड्समधले सगळे पक्षी रंगावरून ओळखता येतात. तो खेळ फिनलंडमध्ये तयार झाला, २००९ साली. हॅरी पॉटरची हेडविग हिमघुबड आहे हेही ठाऊक असतं. असू दे, माझी तक्रार नाही, मीही ते सिनेमे पाहिलेत. पण त्याच पोरांच्या सोसायटीच्या भिंतीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी राहते. परवा एका काकूंनी काठीनं हाकलली, अपशकुन म्हणून. आपल्याकडे पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्या माणसालाही पिंगळा म्हणायचे. पक्ष्याचंच नाव माणसाला. आता दोघांनाही दारात जागा नाही.

पुण्यात राहून तांबट पक्षी माहीत नसलेली माणसं भेटतात तेव्हा तर मला काय करावं तेच कळत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन उभे राहा, तांबट कारागिरांची हातोडी तांब्याच्या भांड्यावर पडताना ऐका, टुक टुक टुक टुक. आणि मग दुपारी वडापिंपळाखाली उभे राहून ऐका. इंग्रजांनीही त्याला कॉपरस्मिथच म्हटलं. इथे मात्र साहेबाला आणि आपल्याला एकच ऐकू आलं, कारण हातोडीचा आवाज सगळीकडे सारखाच. लेकीला मी सुट्टीत घेऊन गेले होते. आळीत उभी राहून म्हणाली, "आई, इतके तांबट?" म्हणजे तिला वाटलं पक्षीच. त्या एका वाक्यासाठी मी तिला शंभर मार्क देईन.

कुणी म्हणेल, एका मार्काचं एवढं काय? (घरातूनच म्हणालं कुणीतरी, नाव घेत नाही.) मार्क गेला चुलीत. मला राग आलाय तो 'असा पक्षी नसतो' याचा. तुम्हाला माहीत नसणं आणि तो नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एवढं तरी शिकवणाऱ्याला कळायला हवं. माहीत नसेल तर म्हणा ना पोरीला, मला माहीत नाही, तू सांग. किती उजळला असता तिचा चेहरा!

आमच्या आण्णांनी शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत. पण पावशाला बघून लहान पाखरं का फडफडतात ते त्यांना माहीत होतं. दिसायला तो शिक्र्यासारखा, त्या शिकारी पक्ष्यासारखा असतो, पाखरं फसतात. तो स्वतःचं घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, हेही त्यांनीच मला बांधावरच्या बोरीत दाखवलं होतं. सातभाई बिचारे स्वतःपेक्षा थोराड पोराला भरवत होते. (याच पक्ष्यांना इंग्रजीत 'सात बहिणी' म्हणतात. आपल्याकडे भाऊ.) पुढे कॉलेजात मी हे सगळं पुस्तकात वाचलं तेव्हा आण्णांना जाऊन सांगितलं, पुस्तकात तुमचंच लिहिलंय. ते म्हणाले, "मग लिवनारा शेतात हिंडला आसंल."

हिंडलेच होते. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पाखरांची नावं वेचली, पक्षीकोश केला. जिथे शब्द नव्हता तिथे घडवला, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले, पुन्हा फोटो टाकले. मीही टाकला होता. आणि ते वेचलेलं एक नाव पोरीनं लिहिलं तर त्यावर फुली.

जरा थांबले होते. पाणी पिऊन आले.

खरं सांगू का, हे सगळं वर लिहिलं ते बाजूला ठेवा. मला आठवतंय ते वेगळंच.

आण्णांचं शेवटचं वर्ष पुण्यात गेलं, आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. अंथरुणाला खिळलेले. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. मे संपत आला होता. एके दिवशी मी ऑफिसला निघाले, चपला घालत होते, आणि आतून हाक आली. गेले. म्हणाले, "पावशा वरडला का गं?"

मी ऐकला नव्हता. महिनाभर ऐकला नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे मी कान दिलाच नव्हता. पुण्यात काय तो नसतो? टेकडीवर असतो, विद्यापीठात असतो, कॅन्टोन्मेंटच्या झाडांत असतो. मी सकाळी कानात इयरफोन घालून त्याच झाडांखालून जायचे.

म्हटलं, "हो आण्णा, ओरडला की. रात्री."

त्यांचा चेहरा असा काही सैल पडला! म्हणाले, "मग बी बगून ठेवा म्हनावं." मामाला सांगायला सांगत होते. जून लागला आणि ते गेले.

ते खोटं मी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. पावशा ओरडला म्हणजे पाऊस येतोच असंही नाही. तो त्याच्या विणीच्या हंगामासाठी ओरडतो, बाहत्तरच्या दुष्काळातही ओरडला होता, असं आण्णाच सांगायचे. पण विचारल्यावर खरं उत्तर देता यावं एवढा तरी कान माझा जागा हवा होता. म्हणून लेक तीन वर्षांची झाल्यापासून मी तिला मे महिन्यात टेकडीवर नेते. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "आई, तो कुणाला सांगतोय पेरायला?" मला उत्तर सुचलं नव्हतं.

सोमवारी शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. (मघाशी भांडायलाच जाणार होते, पण लिहिता लिहिता जरा निवळले.) बाई तरुण आहेत, चाळीस पोरं सांभाळतात, उत्तरसूचीत छापलेलं उत्तर बघून तपासतात. त्यांनाही कुणी अंगणात गोधडीवर झोपवून ऐकवलं नसेल. मोबाइलवर रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, याच मे महिन्यातलं, वेताळ टेकडीवरचं. तेवढं ऐकवून येईन. त्यांना काय ऐकू येतं ते विचारीन.

तुमच्याकडे पावशाला काय म्हणतात, तो काय म्हणतो, खाली लिहा. खानदेशातल्यांनी, वऱ्हाडातल्यांनी, कोकणातल्यांनी, गोव्याच्या मित्रमंडळींनी, सगळ्यांनी लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर आज रात्रीच विचारा, उद्यावर टाकू नका. मी सगळं एका वहीत उतरवून लेकीला देणार आहे.

आत्ता तिच्या खोलीत डोकावून आले. झोपलीये. वर्कशीट टेबलावरच आहे. त्या लाल फुलीच्या बाजूला थोडी जागा होती, तिथे तिनं पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात, पुन्हा पावशा लिहिलंय.